जड मोटर डावीकडे

ओस्त्रावातला नोव्हेंबर. चार वाजताच दिवे लावावे लागतात.
सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघरात,
पाव कापायच्या फळीशेजारी लॅपटॉप
आणि जुन्या बाजारातून ऐंशी क्राउनला आणलेला कंट्रोलर.
त्याची सगळी बटणं लिनक्सला कळतात.
थरथर तेवढी कळत नाही.
पडद्यावर गाडी कठड्यावर आदळते,
हातात चिडीचूप.

आतल्या खोलीतून बाबा विचारतात, काय चाललंय?
म्हटलं, हादरा बसवतेय.
ते हसतच राहिले.
एकतीस वर्षं खाणीत, हवेच्या ड्रिलमागे उभं राहून
त्यांनी जो घरी आणला तो हादरा
अजून अंगातून उतरलेला नाही.
गारठ्यात त्यांची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होतात.
शर्टाची बटणं मी लावते.
सरकारी कागदावर या दुखण्याला नाव आहे, कलम आहे,
आणि दर महिन्याला थोडेसे पैसे.

दुसऱ्या सिस्टिमवर हाच कंट्रोलर थरथरतो
तेव्हा तारेतून काय जातं ते मी टिपून घेतलं.
आठ बाइट.
पाच कधीच बदलत नाहीत.
एक काय करतो ते मला आजही ठाऊक नाही,
काढला तर सगळंच बंद पडतं, म्हणून ठेवलाय.
उरले दोन. दोन मोटरींचे दोन.
एकीच्या दांड्यावर जड वजन, दुसरीच्या हलकं,
दोन्ही मुद्दाम एका बाजूला कललेली.
तोल जाणं हीच त्यांची नोकरी.

पहिल्यांदा मॉड्यूल चढवलं आणि मशीनच गोठलं.
जिथे झोपायला सक्त मनाई
नेमका तिथेच माझा कोड डुलकी काढत बसला होता.
बाबांना सांगितलं तसं ते म्हणाले,
तिसऱ्या पाळीत आर्नोश्त असाच झोपला होता, पट्ट्याशेजारी.
पुढचं सांगितलं नाही.
चहा निवला.

मग मी काम रांगेत टाकायला शिकले :
चिठ्ठी ठेव आणि निघ,
ज्याला थांबणं परवडतं तो उचलेल.

तिसऱ्या रात्री कंट्रोलर टेबलावर गुरगुरला
आणि आपला आपण सरकत
मिठाच्या डबीला जाऊन टेकला.
मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

सकाळी बाबांच्या हातात दिला.
दुसऱ्याचं बाळ धरावं तसा धरून बसले.
काही नाही, म्हणाले, चालू केलास का?
चालू होता. टेबलाचा पायसुद्धा कुरकुरत होता.
मला माझीच लाज वाटली.

तेव्हा त्यांनी तो उचलून गळ्याच्या हाडाला लावला,
आणि डोळे मिटले.
छताला दांडा ठोकून असंच ऐकायचो, म्हणाले,
भरीव आहे की पोकळ.
पुन्हा लाव.
पुन्हा.
आता एकेक कर.
आणि मग : जड ते उजवीकडे आहे, ब्लाझेना.
असंच हवंय का?

असं नको होतं. जड डावीकडे हवी.
दोन बाइट मी उलटे लिहिले होते
आणि माझी धडधाकट दहा बोटं
रात्रभर हो ला हो म्हणत होती.

दोन ओळी बदलल्या. पाच मिनिटं लागली नसतील.
बाबांनी एक फेरी खेळून पाहिली, मनगटांनीच,
प्रत्येक वळणावर कठड्याला धडक. मुद्दाम, असं मला वाटलं.

बदलाच्या तळाशी लिहायची असते एक ओळ :
कोणी तपासलं.
मी टाइप केलं, व्लास्तिमिल.
त्यांनी खांद्यावरून वाकून पाहिलं.
माझा दिव्याचा नंबरही घाल, म्हणाले, अकराशे सत्तेचाळीस,
नाहीतर कोण ओळखणार?

तिथे नंबर चालत नाही, ई-मेल लागतो.
त्यांना ई-मेल नाही.
माझाच घातला.
मग त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं,
कंट्रोलर टेकवायला त्यांनी ते दातांनी उघडलं होतं.